शिवलीलेचा फोटो

गौरम्मांनी चित्रातल्या पोरीच्या नाकावर बोट टेकवलं आणि ओला रंग बोटाला लागला.

"हे असं न्हाई," त्या म्हणाल्या. "जरा बसकं होतं."

संगमेश्वर मास्तरांनी ब्रश डब्यात टाकला. गेल्या सोमवारी हेच नाक बसकं होतं, तेव्हा ते सरळ करायला लावलं होतं. बुधवारी सरळ केलं, तर म्हणे टोकाला थोडं वर होतं. पाच वर्षांच्या पोरीच्या नाकानं एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या नाकी नऊ आणले होते.

"अक्का, एकदा काय ते ठरवा. नाक हाय ते. चपाती न्हाई, रोज नवी लाटायला."

चूक मास्तरांची स्वतःचीच होती, म्हणून राग जास्त येत होता. लातूरच्या गंजगोलाई बाजारामागच्या या खोलीत त्यांनी शाळेची नोकरी सांभाळून पन्नास वर्षं गेलेल्या माणसांची चित्रं काढली. लोक मतदार कार्डावरचा, लग्नातल्या घोळक्यातला, पाण्यानं डागाळलेला फोटो घेऊन यायचे, आणि मास्तर त्यातून हार घालण्याजोगा माणूस उभा करायचे. नियम एकच: फोटो नाही तर काम नाही. कुणी कितीही रडलं तरी नाही.

गौरम्मांकडे फोटो नव्हता. त्यांची लेक शिवलीला भूकंपात गेली, घरही गेलं, आणि घरात एखादा फोटो असलाच तर तोही गेला. भूकंपानंतर दोन वर्षांनी झालेल्या त्यांच्या मुलानं, सोमेशनं, आता लातुरात घर बांधलं होतं. मंगळवारी गृहप्रवेश. भिंतीवर आजोबा, आजी, सोमेशचे वडील, सगळे लागणार होते. "माझी लेक तेवढी भायेर का ऱ्हावी?" असं गौरम्मांनी विचारलं आणि मास्तर विरघळले. गौरम्मांच्या बहिणीच्या नातीचा, अक्षराचा, फोटो समोर ठेवून काम सुरू झालं, आणि तेव्हापासून डोक्याला ताप.

"आज रविवार. मला चार वाजता पिक्चरला जायचंय," मास्तर म्हणाले. "नाक उद्या."

"मी पण येते."

"जर्मन पिक्चर हाय. तुमाला काय कळायचं?"

"न कळू द्या. तुमी तिकडच्या तिकडं घरी गेलात तर नाकाचं मी काय करू?"

पिक्चर दाखवणारा विनोद मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्यानं कॉलेजच्या हॉलमध्ये महिन्याला एक चांगला चित्रपट दाखवायचं व्रत घेतलं होतं, आणि या वेळी चित्रपट एका जुन्या जर्मन चित्रकारावर होता म्हणून शेवटी सरांनी दहा मिनिटं बोलावं असा त्याचा हट्ट होता. हा चित्रकार मास्तरांचा जीव की प्राण. त्याच्यावरचं एकच पुस्तक त्यांनी चाळीस वर्षांत इतक्या वेळा वाचलं होतं की त्याची बांधणी सुटून पानं दोऱ्यानं बांधावी लागली होती.

हॉलमध्ये जेमतेम तीस माणसं होती. सुरुवातीलाच पडद्यावर पाटी आली: चित्रकाराच्या आयुष्यावर सैलपणे आधारित. मास्तरांनी हुं केलं. गोठलेल्या तळ्यावर लहान चित्रकार खेळत होता. बर्फ फुटला. त्याला वाचवायला उडी मारली ती एका सोनेरी वेणीच्या मुलीनं, आणि ती बुडाली.

"बहीण न्हवती! भाऊ होता, भाऊ!" मास्तर अंधारात मोठ्यानं म्हणाले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

पुढचे दोन तास त्यांनी खुर्चीत कुशी बदलत काढले. शेवटी तर कहरच. म्हातारा चित्रकार व्हायोलिनच्या सुरांत रडत रडत त्या बुडालेल्या मुलीचा चेहरा रंगवतो आणि ती चित्रातून हसते. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी शेजारी पाहिलं, तर गौरम्मा पदर तोंडाशी धरून बसलेल्या. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, तरी डोळे वाहत होते.

विनोदनं माइक हातात दिला तेव्हा मास्तरांना दहा मिनिटं पुरणार नव्हती.

"हे सगळं थोतांड आहे," त्यांनी सुरुवात केली. "भावाची बहीण केली, कारण वेणी पडद्यावर चांगली दिसते. आणि तो चेहरा कुठून आणला? माझ्या पुस्तकात असं काहीही नाही. हा चित्रकार माणसं पाठमोरी काढायचा. डोंगराकडे, समुद्राकडे बघणारी. का? तर चेहरा आपल्याला ठाऊक नसेल, तर प्रामाणिक माणसानं पाठ काढावी. थाप मारू नये. ठाऊक नसलेला चेहरा काढणं ही खोटी साक्ष आहे."

टाळ्या वाजल्या. त्या वाजत असतानाच दुसऱ्या रांगेतल्या गौरम्मा उठल्या आणि दाराकडे चालू लागल्या. आपण काय बोललो ते मास्तरांच्या तेव्हा ध्यानात आलं. विनोद आभार मानत होता, त्याच्या हातात माइक कोंबून ते बाहेर धावले.

गौरम्मा पायऱ्यांवर बसल्या होत्या. समोरून क्लास सुटलेल्या पोरांच्या सायकली चालल्या होत्या.

"अक्का, मी पिक्चरबद्दल बोलत होतो."

"खरं तेच बोललात."

मास्तर एक पायरी सोडून खाली बसले. गुडघे कुरकुरले. मग त्यांना वाटलं, वाट तर त्यांनीच भाषणात सांगितलेली आहे.

"आपण तिला पाठमोरी काढू. दोन वेण्या, लाल फीत, परकर-पोलकं. लई सुंदर काढतो, बघा तुमी."

गौरम्मांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पिक्चर बघताना आपला राग कसा दिसत असेल ते मास्तरांना कळलं.

"पाठीला इबूत कुठं लावू, मास्तर? कपाळ लागतं त्याला."

मास्तर सायकलींकडे बघू लागले.

"चार वेळा नाक बदलायला लावलं. तुमी म्हणला असाल, म्हातारी येडी झाली." गौरम्मांनी बोटाला वाळलेला रंग नखानं खरवडला. "मला आठवत न्हाई, मास्तर. नाक न्हाई, डोळे न्हाई, कायीच न्हाई. रडणं आठवतं, अंगाचा वास आठवतो. तोंड न्हाई. तुमी काढलं की वाटायचं, हीच. मग भ्या वाटायचं, की नसली तर? दुसऱ्याची पोर घरात घेतली तर? म्हणून पुसायला लावायची."

"सोमेशला माहीत हाय?"

"आईला लेकीचं तोंड आठवत न्हाई, हे कुणाला सांगू?"

मास्तरांना गौरम्मांचा राग आला, स्वतःचा आला, त्या जर्मन पिक्चरवाल्यांचा पुन्हा एकदा आला. मग त्यांनी उठून ऑटोला हात केला आणि गौरम्मांना घरी धाडलं. सोमवारी खोलीचं दार आतून लावून घेतलं. मोबाइलवरचा अक्षराचा फोटो बंद करून टाकला, आणि कुणालाही न विचारता काम पुरं केलं.

मंगळवारी पूजा झाल्यावर सोमेशनं सगळ्यांसमोर चित्रावरचा कागद सोडला. आजोबांच्या शेजारी पाच वर्षांची शिवलीला सरळ समोर बघत होती. बायकांची कुजबुज थांबली. गौरम्मा खांबाला धरून उभ्या होत्या, पुढे येईनात.

जुन्या गावच्या शेजारीण कस्तुराबाई काठी टेकत चित्राजवळ गेल्या.

"बाई गं," त्या म्हणाल्या. "ही तर शिवलीलाच. पण मास्तर, फोटो कुठला घावला तुमाला?"

सोमेश मास्तरांकडे बघू लागला. गौरम्माही बघू लागल्या. पन्नास वर्षांत मास्तरांनी कामाच्या बाबतीत कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"होता एक," ते म्हणाले. "लहानसा. पार विटलेला. काम झाल्यावर हातातच तुकडे झाले."

"तोच असंल," कस्तुराबाई लगेच म्हणाल्या. "जत्रंत काढलेला. मी बघितला की तो फोटो. मीच तर उचलून धरलं होतं तिला, फोटोवाल्यापुढं हुभी ऱ्हाईना म्हणून."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्हातारी खरं बोलत होती की थाप मारण्यात त्यांच्याही पुढे गेली होती, हे त्यांना कळेना. तेवढ्यात गौरम्मांनी खांब सोडला. त्या आल्या, कस्तुराबाईंचं मनगट धरून त्यांना खाली सतरंजीवर बसवलं आणि स्वतः अगदी त्यांच्या तोंडासमोर बसल्या.

"कुठली जत्रा गं?" त्यांनी विचारलं. "रडत होती का हसत होती? सगळं सांग. सावकाश सांग."