रंगाखालची भेग

मी एक म्हातारा डोंगा आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. हसा, मित्रांनो. पण हसून झालं की ऐका.

अर्जुनी मोरगावच्या बाजूला एक मोठा तलाव आहे. त्याच्या काठावर बिजाच्या झाडाचं एकच जाड खोड वाकसाच्या पात्याने कोरून मला बनवलं. कुठे जोड नाही, खिळा नाही. मासेमार बकारामच्या बापाने मला पाण्यात लोटलं आणि पुढे बकारामने चालवलं. मी जाळी वाहिली, मासळी वाहिली. एकदा पुरात अडकलेली बाळंतीणही पैलतीरी नेली. तेव्हा लोकांनी मला हळदकुंकू वाहिलं. आठवड्याने माझ्यावर गोवऱ्या वाळत घातल्या. माणसांचं असंच असतं.

काम नसलं की बकाराम माझ्या पोटात दगड भरून मला काठाजवळ बुडवून ठेवायचा. शहरातल्या मुलांना हे वेडेपण वाटेल. पण एकाच खोडाचं लाकूड उन्हात सुकलं की तडकतं. ते पाण्याखाली राहिलं तरच जगतं.

मग तलाव महोत्सव आला. त्यात शिडाच्या डोंग्यांची शर्यत ठेवली होती. काठाकाठाने सगळ्या तलावाचा फेरा मारायचा, सकाळी निघून सांजेपर्यंत परतायचं आणि मध्ये जमिनीला पाय लावायचा नाही. समितीचा गोवर्धनभाऊ मला पाहून म्हणाला, "गोंदियाचे पाहुणे येऊन राहिले, बकाराम. एकदम चकाचक दिखना चाहिए."

"सुकला का फुटते जी डोंगा."

"रंगाच्या आत पाणी जाते का? काहीच्या काही सांगून राहिला."

मला मंडपासमोर उन्हात मांडलं. आठवडाभर मी तापलो आणि पोटाला लांब भेग पडली. तिच्यात लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरून वर निळा रंग फासला. पाहुण्यांनी नारळ फोडेपर्यंत रंगाला पाणी लावायचं नाही, असंही ठरलं. म्हणजे मला आधी तरंगवून पाहायचं नाही. बकारामला हे कळत होतं. पण सगळ्यात पुढे निघण्याचा मान त्याचा होता. मान जाईल म्हणून तो गप्प बसला. माझा धनी आहे, तरी सांगतो, तिथे तो भ्याला.

डोंग्यात दोघं हवीत, आणि त्याचा सोबती तापाने पडला. मग बकारामची बायको रुख्मा बसली. ती सौंदडकडची, धानाच्या गावातली. रोवणीत पिंडरीभर पाणी, एवढीच तिची पाण्याशी ओळख. तिला पोहता येत नव्हतं.

युरियाच्या गोण्या उसवून शिवलेलं शीड फुगलं. काठावर टाळ्या वाजल्या. माझ्या पोटात मात्र लांबी सुटत होती. मला ओरडायचं होतं, पण लाकडाला तोंड नसतं. तुम्हाला असतं, लक्षात ठेवा.

दुपारी वारा उलटला आणि आम्हाला खोल पाण्याकडे ओढू लागला.

"काऊन थरथरून राहिली वो?" बकारामने विचारलं.

"मी कायले थरथरू? माये पाय ओले झाले."

"लाट आली असन."

"लाट वरून येते जी. हे खालून येऊन राहिलं."

बकारामने खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो हातांनी पाणी उपसू लागला, रुख्मा टोपल्याने. पाणी वाढतच होतं. खाली कमळाच्या वेली पसरल्या होत्या. त्यांत पाय गुंतला तर पोहणाराही वर येत नाही, मग रुख्माचं काय? एका झुळकीने शीड आडवं झालं आणि मी उलटलो. रुख्मा माझ्याखाली होती. मित्रांनो, त्या क्षणी मला माझंच वजन नकोसं झालं.

बकारामने तिला केसांना धरून ओढलं आणि माझ्या वर आलेल्या बुडावर चढवलं. भेगेत बोटं रुतवून ती पडून राहिली. भोंग्यावर गोवर्धन सांगत होता, "निळा डोंगा बघा, काय रंग आहे."

मागून येणाऱ्या कैलाशने शर्यत सोडली, डोंगा वळवला आणि दोघांना ओढून घेतलं; मला मागाहून काठाला आणलं. ती दोघं वाचली नसती, तर ही गोष्ट सांगायचा मला धीर झाला नसता.

यंदा गोवर्धन पुन्हा रंगाचे डबे घेऊन आला. रुख्मा दारातच उभी राहिली.

"रंगवा जी. मंग पयले तुमी बसा. घरच्या लेकरायले बी बसवा."

"माझं काय काम तिथं? मला मंडप पाहावा लागते."

"मंग डबे उचला."

त्याने डबे उचलले. मित्रांनो, होडी असो, झुला असो की शाळेची गाडी, रंग पाहून चढू नका. वाकून तिच्या पोटावरून हात फिरवा. आणि "काही होत नाही" म्हणणाऱ्याला म्हणा, आधी तू बस.