विजेवर चालणारे दिगंबरपंत

ओंकार चालू होता. नारायण पेठेतल्या त्या माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी जिन्यापर्यंत बसले होते. दिवे बंद, एकच समई. आणि भिंतीशी ठेवलेल्या पियानोच्या पट्ट्या आपोआप खाली जात होत्या, वर येत होत्या. समोरच्या स्टुलावर कुणीही नव्हतं.

"मकार लांबवा," मृगाजिनावर बसलेले श्रीनिवासबुवा म्हणाले. "दिगंबरपंत मकारावरूनच खाली उतरतात."

मंदाकिनीबाई पट्ट्यांकडे बघत होत्या. वर्षापूर्वी गेलेल्या नवऱ्याची बोटं त्यांना दिसत होती. करंगळीसुद्धा.

थोडं मागे.

इंग्रज गेले त्या वर्षी दिगंबरपंतांनी हा पियानो लष्करातल्या लिलावात घेतला. त्याच्या पोटात कसलंसं मोडकं यंत्र होतं, ते कधी कुणी उघडून पाहिलं नाही. पंत त्यावर नाट्यगीतं वाजवत आणि हमखास चुकत. ते गेल्यावर बुवा सांत्वनाला आले, 'शुद्धीसाठी' पियानो मठात घेऊन गेले आणि तो परत आला तो पंतांसकट.

फक्त पंत आता विलायती नाचाच्या चाली वाजवू लागले होते.

"वर जाऊन हे कुठे शिकला?" पंतांच्या बहिणीनं, आनंदीबाईंनी, विचारलं होतं.

"वर सगळे सूर एकच असतात, बाई."

"आणि चुकतही नाही. आमचा दादा नव्हे हा."

पुन्हा माडीवर. चाल संपली होती.

आता खरा प्रश्न. मंदाकिनीबाईंची मुलगी पद्मजा डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती. बुवांना ती भाच्याची बायको म्हणून हवी होती, आणि तीही पुढे न शिकलेली. मंदाकिनीबाईंनी शब्द दिला होता: पियानोवरून हे सांगतील तसं.

"पंत, पद्मजानं कॉलेज सोडून संसाराला लागावं ना? होकार असेल तर वाजवा."

पियानो वाजू लागला. पद्मजानं डोळे मिटले.

आणि चाल रेंगाळली. एक पट्टी अर्धी खाली गेली, ती तिथेच राहिली.

"नकार दिला वाटतं," जिन्यावरून कुणीतरी म्हणालं.

"होकारच आहे." बुवांचा हात मृगाजिनाखाली काहीतरी चाचपत होता. "जरा दम लागलाय त्यांना."

"मेल्यावर दम लागतो?" पद्मजानं डोळे उघडले.

आनंदीबाई आत आल्या. "गप्प का सगळे?"

"आत्या, तू काही केलंस का?"

"मी काय करणार? रोजच्यासारखा मीटर बघायला गेले. घरभर अंधार आणि चाक आपलं गरागरा फिरतंय. म्हटलं, वीज खातंय तरी कोण? मेन स्विच बंद करून आले."

"परत लाव बघू."

आनंदीबाई पुन्हा बाहेर गेल्या. खट्. पियानो जिथे थांबला होता तिथूनच पुढे वाजू लागला.

"आता बंद कर."

पंत थांबले.

"लाव."

पंत वाजले. बहिणीचं इतकं त्यांनी हयातीत कधी ऐकलं नव्हतं.

ओंकार केव्हाच बंद पडला होता. त्यामुळे पियानोच्या पोटातली घरघर आता सगळ्यांना ऐकू आली, आणि मकार कशासाठी लांबवायचा तेही कळलं.

मंदाकिनीबाईंनी दिवा लावला. पियानोच्या फळ्या स्वतः काढल्या. खाली विजेची मोटर आणि तिच्यावर चालणारा भाता. वर भोकं पाडलेल्या कागदाची फिरती गुंडाळी. भोक आलं की तिथून हवा आत शिरते, भाता ती ओढतो आणि त्या सुराची पट्टी खाली बसते. पूर्वी साहेब पायांनी भाता हाणायचा, आता मोटर हाणत होती. वायर सतरंजीखालून थेट मृगाजिनाखालच्या बटणापर्यंत गेली होती.

त्या भोकांकडे मंदाकिनीबाई जरा वेळ बघत राहिल्या. त्यात करंगळीचं असं एकही नव्हतं.

"मोटर फार नेटकी बसवलीत, बुवा," त्या म्हणाल्या. "मठावर तशी पाटी लावा. पोट भरेल."

मग लेकीकडे वळल्या. "उद्या वेळेवर कॉलेजला जा. मुलीला शिकवायचं, हे तुझ्या वडिलांनी जिवंतपणी, स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला."

गेलेल्या माणसाची आठवण ज्याची त्यानं जपावी. पण त्याचा निरोप घेऊन तिसराच कुणी दारात आला, तर निरोप ऐकण्याआधी फळी काढून आत बघावं. दुखतं, पण कळतं. फळी निघत नसेल, तर निदान मेन स्विच बंद करून पाहावा.