दोन मेंढ्यांची बेरीज

मित्रांनो, मी एक जुना टकरीचा मेंढा आहे. जुना म्हणजे फार वर्षांचा नव्हे. पण माझ्या कपाळाचे हाड इतके जाड झाले आहे, की त्यावर माशी बसली तरी मला कळत नाही. उजव्या डोळ्याने दिसत नाही. माझी हकिगत तुम्हाला आवडणार नाही, तरी ऐका.

मी जन्मलो आणि माझी आई मेली. कारंज्याच्या अशफाकभाईंच्या मुलीने, अर्शियाने, मला बाटलीने दूध पाजून जगवले. मी मोठा झाल्यावर ती अंगणाच्या टोकाला उभी राहून तळहातावर भिजवलेले हरभरे धरायची आणि हाक मारायची. मी धावत सुटायचो आणि बरोबर तिच्या हाताशी थांबायचो. "पाह्यना अब्बा, कसा थांबते हा!" ती म्हणायची. माझ्या वाट्याला आलेले कौतुक म्हणाल तर तेवढेच.

अशफाकभाईंना थांबणारा मेंढा नको होता. त्यांनी मला भिंतीला टेकवलेल्या टायरवर डोके आपटायला शिकवले. थांबलो की पाठीत काठी. हळूहळू मी थांबणे विसरलो. माणसे याला तालीम म्हणतात.

टकरींवर बंदी आहे, म्हणून त्या गावाबाहेर, सोयाबीन निघालेल्या वावरात होतात. दोन मेंढे लांबलांब समोरासमोर उभे करतात आणि दोर सोडतात. मध्ये डोक्यावर डोके आदळते. लोक शिट्ट्या मारतात. ज्याचा मेंढा हटला, तो हरला.

त्या हिवाळ्यात माझी टक्कर तौकीरच्या मेंढ्याशी ठरली. तौकीर म्हणजे अर्शियाचा मामा. त्याचा मेंढा माझ्याच वजनाचा आणि माझ्याच वेगाचा. अर्शिया तेव्हा नववीत होती. माझ्याशेजारी बसून ती विज्ञान मोठ्याने वाचायची. वजनदार गडी वेगात आला की त्याच्यात संवेग असतो, आणि टकरीत तो नाहीसा होत नाही, याचा त्याच्याकडे जातो, हे ऐकून ऐकून मलाही पाठ झाले. एके दिवशी वाचता वाचता तिचे तोंड उतरले. मामा घरी आला, तशी तिने त्याला माझ्या खुंट्यापाशी ओढत आणले.

"मामू, दोघं सारखेच हायेत. हा इकून, तो तिकून, बेरीज शून्य. दोघंबी जाग्यावर थांबतीन अन् दोघायचेबी डोके फुटतीन."

"मंग मी काय करू?"

"तुमी तुमच्याले सोडूच नका. बाजूले ओढून घ्या."

"म्हंजे हार माही!"

"होऊ द्या ना मामू. माह्यासाठी."

"अन् हा सुसाट आला तं?"

"याले मी थांबवीन. माह्या हातापाशी थांबतेच तो."

तिचे गणित अर्धे बरोबर होते. पण एक मेंढा काढून घेतला की बेरीज शून्य राहत नाही. माझा अख्खा जोर उरतो आणि तो कुणाला तरी घ्यावाच लागतो. हे तिच्याच पुस्तकात होते. तिने पुस्तकापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला.

टकरीच्या दिवशी वावरात अशफाकभाईंनी माझा दोर सोडला. मी सुटलो. मामाने आपला मेंढा बाजूला खेचला आणि त्याच्या जागी अर्शिया येऊन उभी राहिली, तळहात पुढे करून. हातावर हरभरे होते. मित्रांनो, मी तिला ओळखले. शपथेवर सांगतो, ओळखले. पायही रोवले. पण माती भुसभुशीत होती आणि अंगातली धाव आता माझे ऐकत नव्हती. मी तिच्यावर आदळलो आणि जवळजवळ जागीच थांबलो. माझी धाव तिच्यात गेली. ती लांब जाऊन पडली.

समोरचा मेंढा हटला होता, म्हणजे मी जिंकलो होतो. अशफाकभाईंनी आधी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. कोण पडले आहे ते त्यांनी नंतर पाहिले.

अर्शियाच्या कमरेचे हाड मोडले. ती आता भिंत धरून चालते. शाळा सुटली. मामा या घरी येत नाही. तिची आई हुस्नाबानो रडून म्हणाली, "या जनावराले घरातून काढा."

"काहून काढू?" अशफाकभाई म्हणाले. "असा जोर साऱ्या तालुक्यात नाही कोणाच्या मेंढ्यात."

आज सकाळी अर्शिया भिंतीच्या आधाराने अंगणाच्या टोकाला आली. तळहातावर हरभरे होते. तिने हाक मारली. माझा दोर लांब होता, तरी मी जागचा हललो नाही. ती बराच वेळ तशीच हात पुढे करून उभी राहिली.

उद्या मंगरूळपीरला टक्कर आहे. मित्रांनो, मी एकदा सुटलो की कितीही माया असली तरी माझ्यापुढे येऊ नका. मला थांबवायचेच असेल, तर ज्या हातात माझा दोर आहे, तो हात आधी धरा.