आईच्या पानावरची मुलगी

चर्चच्या मंडळीच्या मासिकाचं शेवटचं पान आईचं असे, आणि मंडळीतले निम्मे लोक मासिक शेवटाकडूनच उघडत. धाकटी लेक शाळेत असताना गोवराने फणफणली, तर आईने त्यावर लिहिलं. दादाने शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडून वर खोटं सांगितलं, त्यावरही लिहिलं, खाली पवित्र शास्त्रातलं वचन जोडून. दादा म्हणायचा, "आपल्या घरात शिंकायचीसुद्धा सोय नाही. पुढच्या महिन्यात तिचा दाखला होतो." सगळे हसत. आईही हसायची.

पण ती लिहायची एक आणि वागायची दुसरं, असं कुणी म्हणू शकलं नसतं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती शास्त्र वाचायची. कुणी आजारी पडलं की पाळकांच्याही आधी ही दारात हजर. दर बुधवारी संध्याकाळी तिच्या घरी शास्त्राभ्यास भरे. खुर्च्या संपल्या की लोक पलंगाच्या काठावर टेकत, ट्रंकेवर बसत. धाकटी प्रार्थना करायला शिकली ती आईच्या मांडीवर. लग्न होऊन वेगळ्या घरी गेली तरी काही बिनसलं की तिचा पहिला फोन आईला जायचा.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत यंत्रावर भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, गर्दी झाली की पुढे येऊन गिऱ्हाईकही बघायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या हिवाळ्यात तिला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. दवाखान्यात आई उशाशी बसून तिचे केस विंचरत होती. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. तेव्हा धाकटीच्या तोंडून ते निघून गेलं.

"आई, डॉक्टरांनी सांगितलं ना, तेव्हा आधी मला हायसं वाटलं. एक क्षणच. मी तयारच नव्हते गं, रोज भीती वाटायची. आणि मग वाटलं, मीच त्याला नको म्हटलं म्हणून ते गेलं."

आईने फणी बाजूला ठेवली आणि तिला कुशीत घेतलं. "असं काही नसतं, पोरी. हे तू, मी आणि देव. चौथ्या कुणाला कळायचं नाही."

त्या शब्दांवर धाकटी कशीबशी उभी राहिली. महिनाभराने कामावर जाऊ लागली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मंडळीतल्याच एक निवृत्त शिक्षिका चष्मा न्यायला दुकानात आल्या. दांडी कानामागे टोचत होती म्हणून धाकटीने ती गरम हवेवर धरून जराशी वाकवली, नाकावर बसवून पाहिली आणि वाचायचं कार्ड पुढे केलं.

"कार्ड कशाला? माझ्याजवळ आहे की वाचायला," म्हणत बाईंनी पिशवीतून मासिक काढलं, ताजाच अंक, आणि शेवटचं पान उघडलं. आयुष्यभर वर्गात वाचायची सवय; त्या मोठ्याने वाचू लागल्या.

"हन्ना मंदिरात मूल मागत मनातल्या मनात प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. माझ्या ओळखीतल्या एका तरुण मुलीची कूस चौथ्या महिन्यात रिकामी झाली. ती मला म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं ना, तेव्हा आधी मला हायसं वाटलं. एक क्षणच..."

बाईंचा आवाज हळूहळू उतरत गेला. समोर कोण उभं आहे हे त्यांना वाचता वाचता कळलं. त्यांनी मासिक मिटलं.

"अक्षर अगदी स्वच्छ दिसतंय," त्या म्हणाल्या. मग धाकटीच्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "मी प्रार्थना करेन हं तुझ्यासाठी."

धाकटीने चष्मा पुसून डबीत घातला, बाईंना दारापर्यंत सोडलं आणि मागच्या खोलीत येऊन यंत्राचं बटण दाबलं. भिंग न लावताच. नुसतं चाक फिरत राहिलं. तिचे शब्द होते ते, जसेच्या तसे. एक मात्रा इकडची तिकडे नव्हती. परक्याने चोरी केली तर माणूस आरडाओरडा तरी करतो. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

मग तिला एकदम आठवलं: मासिक आपल्याही घरी येतं, आणि नवरा सासूबाईंचं पान कधी चुकवत नाही.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत घरी गेली, पण उशीर झाला होता. तो लवकर आला होता. मोरीत हाताचं ग्रीस धूत होता. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी धूतच होता. मासिक टेबलावर पालथं पडलेलं.

"मी तुला सांगणार होते..." ती म्हणाली.

"कधी?"

तिने मासिक उचललं आणि पुन्हा तसंच पालथं ठेवलं.

"हायसं वाटलं ते वाटलं. त्याचं मला काही नाही," तो पाठमोराच बोलत होता. "मलाही भीती वाटत होतीच की. पण मी तुला किती वेळा विचारलं, मनात काय आहे ते बोल. तू म्हणायचीस, काही नाही. पाळणा मी एकट्याने दुकानात परत नेऊन दिला, तुला बघावा लागू नये म्हणून. आणि तुझ्या मनातलं मला सगळ्या मंडळीबरोबर कळतं. छापून."

त्या रात्री दोघं एका छताखाली दोन भाडेकरूंसारखी वावरली.

बुधवारी ती लोक जमायच्या आधी आईकडे गेली. आई खुर्च्या मांडत होती.

"आलीस? बरं झालं. ती ट्रंक जरा भिंतीला सरकव."

"आई, तू ते का लिहिलंस?"

आईला विचारावं लागलं नाही, काय ते. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "नाव कुठं घातलंय मी?"

"चौथ्या महिन्यात मूल गेलेल्या अशा कितीजणी आहेत गं तुझ्या ओळखीत?"

"अगं, तुला माहीत नाही, मला किती फोन आले. एक बाई तर रडत होती. म्हणाली, इतकी वर्षं मला वाटायचं मीच एकटी राक्षसीण. त्या एका वाक्याने ती मोकळी झाली."

"ते वाक्य माझं होतं."

"देवाने दिलेलं वाटायचं असतं, बाळा. त्यासाठीच तर लोकांपुढे साक्ष द्यायची."

"मग तुझं वाट ना!" धाकटीचा आवाज चढला. "बाबा गेले तेव्हा तू कितीतरी दिवस शास्त्र उघडलं नाहीस. उशीखाली ठेवून त्याच्यावर झोपायचीस. सकाळी आमच्यासमोर नुसतं मांडीवर घेऊन बसायचीस. ते कुठल्या अंकात आलं?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला कसं..."

"मी त्याच खोलीत झोपायचे. मला सगळं दिसायचं. मी कुणाला बोलले? मरियेने कळलं ते मनात जपून ठेवलं, असं तूच शिकवलंस मला."

आई मटकन खुर्चीत बसली. मग डोळे पुसून, काहीतरी मार्ग सापडल्यासारखी म्हणाली, "चुकलंच माझं. मी पुढच्या अंकात तसं लिहिते. सगळ्यांसमोर कबूल करते, की मी माझ्या लेकीचा विश्वास..."

"आई! म्हणजे परत मीच?"

दारावरची घंटा वाजली. पाळकबाई आल्या, त्यांच्या मागून बाकीचे. प्रत्येकजण धाकटीकडे बघून डोळे मऊ करत होता, जणू ती काचेची झाली होती. एकीने तिचा हात दाबला. एरवी विनोद सांगणारे न्हावीकाका तिच्यासमोर घसा खाकरून गप्पच बसले. गीत झालं, आईने अध्याय वाचला. दोनदा तिची ओळ चुकली. मग पाळकबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "प्रार्थनेसाठी कुणाच्या काही विनंत्या?" आणि सगळे धाकटीकडे बघू लागले.

"माझी नाही," ती म्हणाली. आणि उठून, ट्रंकेवरच्या माणसांच्या पायांतून वाट काढत बाहेर पडली.

घरी मात्र मौनाला हळूहळू तडे गेले. एका रविवारी दुपारी नवऱ्याने आपणहून शास्त्र उघडलं आणि हन्नेचा तोच अध्याय काढला. "त्या पानावर वाचला तेव्हापासून मला नीट वाचायचाय," म्हणाला. मोठ्याने वाचता वाचता हन्ना रडते त्या ओळीशी तो अडला आणि पुढे जाईना. हिवाळ्यापासून पहिल्यांदाच तो रडला. मग धाकटी बोलली. भीती, तो एक क्षण, त्यानंतरच्या रात्री, सगळं. त्यानेही सांगितलं. संध्याकाळ झाली तरी दिवा लावायचं भान राहिलं नाही. दोघांनी मिळून प्रार्थना केली ती अगदी तोडकीमोडकी, मासिकात छापता आली नसती अशी.

आईला तिने फोनवर सांगितलं, "मी माफ केलंय." ते खोटं नव्हतं. रोज सकाळी ती नव्याने माफ करत होती, कारण संध्याकाळपर्यंत ते विरून जाई. आपलेच दात, आपलेच ओठ, करणार काय? आईने कबुलीचा लेख लिहिला नाही. पुढच्या अंकात तिने खिडकीतल्या कुंड्यांवर लिहिलं. मंडळीत कुजबुज झाली की पान या वेळी जरा कोरडं वाटतं.

ज्या आठवड्यात ते गमावलेलं बाळ जन्माला यायचं होतं, त्या आठवड्यात आई अचानक घरी आली. धाकटीने दार उघडलं. डोळे सुजलेले, नाक लाल.

"रडलीस?" आईने पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. "काय झालं, पोरी? सांग मला."

आवाज तोच होता, दवाखान्यातला. शब्द ओठांपर्यंत आले. आईच्या खांद्यावर डोकं टेकायला एक पाऊल पुरे होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "कांदा चिरत होते."

आईने तिच्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओटा कोरडा, स्वच्छ होता. सुरी जागच्या जागी टांगलेली. तिने पिशवी खाली ठेवली. दोघींनी चहा घेतला, दादाच्या नव्या घराबद्दल बोलल्या. मग आईने दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि आपल्या बसची वेळ झाली म्हणून निघाली.