काळोखाची राखण

वीज गेली तेव्हा देलिया बहिणीच्या, निल्दाच्या पोटऱ्या चोळत होती. छताच्या पंख्यानं आणखी दोन-तीन गिरक्या खाल्ल्या आणि तो थांबला. रस्त्यापलीकडून कुणीतरी वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जानेवारीतलं ब्युनोस आयर्स, उन्हाचा नुसता वणवा. अशा दिवसांत या फ्लोरेस्ता वस्तीची वीज जायचीच, त्यात नवल कसलं?

“गेली,” निल्दा म्हणाली. “आता तुझ्या पोरींचं कसं?”

देलियाच्या पोरी म्हणजे मागच्या खोलीतल्या कपाटात, दिव्याखाली वाढवलेली गांजाची चार झाडं. अगदी रीतसर, सरकारी परवान्याची. परवाना निल्दाच्या नावचा, कारण दुखणं तिचं. रात्री तिच्या पायांना असे पेटके यायचे की पोटऱ्या पिळवटून निघायच्या. या झाडांच्या फुलांचं तेल काढून त्याचे थेंब जिभेखाली ठेवले की मगच बाईचा डोळा लागायचा. आधीची बाटली तळाला गेली होती. झाडं फुलांनी लगडली होती, काढणी पंधरा-वीस दिवसांवर आली होती. हे पीक हातचं गेलं तर पुढचं यायला हिवाळा उजाडला असता. तोवरच्या रात्री कशा काढायच्या, हा विचारसुद्धा देलियाला नको वाटत होता.

तिनं आधी फ्रिजची वायर उपसली. वीज परत येते ती अंगात आल्यासारखी येते आणि फ्रिज जाळून जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग तिनं कपाट उघडलं. आत भट्टी पेटलेली. हवा ढिम्म, पानं मलूल. अशा कोंदट गर्मीत फुलांच्या पोटात बुरशी धरते. वरून काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा अख्खं फूल सडलेलं असतं.

“मी वारा घालते,” चाकाची खुर्ची दारापर्यंत ढकलत निल्दा म्हणाली. आईचा जुना घडीचा पंखा तिनं मांडीवर आणलाच होता.

“तू गप बस. झुकलीस आणि पडलीस तर तुला उचलू की यांना?”

“माझ्या हातांना काय धाड भरलीय? काहीतरी काम दे की मला.”

“बसणं हेच तुझं काम.”

निल्दानं तोंड वाकडं केलं. थोरली ती होती, पण पाय गेल्यापासून घरात हुकूम धाकटीचा चालायचा. देलिया वाईट बाई नव्हती हो, पण काळजी करायला लागली की जेलरसारखी वागायची.

दुसऱ्या दिवशीही वीज नाही. वारा घालून हवा हलली असती, पण उजेडाचं काय? उजेड होता गच्चीवर, आणि गच्ची होती वरच्या हेनारोची. हा हेनारो गेली दोन वर्षं देलियाच्या दारावरून जाताना नाकाला कपड्यांचा चिमटा लावून जायचा. का, तर वास येतो. देलियानंही एकदा त्याला सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ‘म्हातारा बोका’ म्हटलं होतं. आता त्याच बोक्याच्या पायऱ्या चढताना तिला शरमेनं घाम फुटला, आणि घामाला तसंही निमित्त लागत नव्हतं.

हेनारो स्वयंपाकघरात टोमॅटोच्या पेट्यांमध्ये गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. त्याच्या घरी दर उन्हाळ्यात वर्षभराचा टोमॅटोचा सॉस करून बाटल्यांत भरायची रीत, थेट त्याच्या इटलीहून आलेल्या आज्यापासूनची. यंदा पेट्या आल्या आणि वीज गेली. रस काढायचं यंत्र विजेचं. टोमॅटो पिचायला लागले होते, खोलीत चिलटं घोंगावत होती.

“हसायला आलात?” त्यानं विचारलं.

“गच्ची मागायला आले. दिवसभर झाडं ठेवीन आणि संध्याकाळी उचलीन.”

“आणि तो वास?”

“आत्ता तुमच्या घरातून काय अत्तराचा येतोय?”

हेनारोनं हातानं चिलटं हाकलली. त्याचा चेहरा इतका पडला होता की देलियाचा राग तिथंच विरघळला. “माझ्या आईचं हातानं फिरवायचं यंत्र आहे माळ्यावर,” ती म्हणाली. “लोखंडी. दांडा फिरवायला लागेल, दंडाचे तुकडे पडतील. पण वीज मागत नाही ते.”

हेनारोनं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच गच्चीची किल्ली टेबलावर सरकवली.

मग काय, आळीला करमणूक झाली. सकाळी देलिया आणि हेनारो एकेक कुंडी पोटाशी धरून जिना चढायचे. दिव्याखाली वाढलेल्या नाजूक पोरी, जानेवारीच्या उन्हात तासाभरात करपल्या असत्या, म्हणून देलियानं दिवाणखान्याचे जाळीचे पडदे काढून त्यांच्यावर टांगले. वर वाराही होता, फुलं कोरडी राहिली. खाली अंगणात हेनारो दांडा फिरवायचा, देलिया टोमॅटो ढकलायची, लाल रस पातेल्यात पडायचा. निल्दा खुर्चीतून सूचना द्यायची, आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं.

खरी गंमत संध्याकाळी. फुलावर आलेल्या या झाडांना अर्धा दिवस उजेड लागतो आणि अर्धा दिवस सलग, मिट्ट काळोख. काळोखात उजेड घुसला की झाडं बिथरतात, बी धरायला लागतात, आणि फुलांचा कस जातो. उन्हाळ्याचा दिवस तर केवढा लांब! म्हणून ऊन लख्ख असतानाच देलिया पोरींना खाली आणून कपाटात बंद करायची.

“एवढ्यात निजवता?” हेनारो पहिल्या दिवशी म्हणाला.

“लवकर निजणाऱ्या घरच्या आहेत त्या.”

चौथ्या संध्याकाळी आळीतल्या सगळ्या फ्रिजरांमधलं मांस वितळून गेलं, तेव्हा लोकांनी नेहमीसारखं केलं, रस्त्यात शेगड्या मांडल्या. फेकण्यापेक्षा खाल्लेलं बरं. पोरी निजल्या होत्या. देलियानं निल्दाची खुर्ची उंबऱ्यावरून उतरवून दाराबाहेर लावली.

“इथून सगळं दिसतं. मी तुझं ताट आणते. हलू नकोस.”

“हलून जाणार कुठं?” निल्दा म्हणाली.

निखाऱ्यांवर चरबी चरचरत होती. बायका पातेली बडवत वीज कंपनीला शिव्या देत होत्या, अगदी तालात. अंधार पडत आला. हेनारो आपल्या नव्या सॉसची बाटली घेऊन ज्याला त्याला, दाराशी बसलेल्या निल्दालाही, तळहातावर ओतून चाखवत होता, जणू बाळाचं बारसं आहे. आणि एकदम रस्त्यावरचे दिवे लागले. काय ओरडा झाला म्हणता! अनोळखी माणसांनी मिठ्या मारल्या. हेनारोनं देलियाला धरून गोल फिरवलं, आणि तीही फिरली, हसत, चमचा हातात धरून.

दुसऱ्या गिरकीला तिला टायमर आठवला.

कपाटातला दिवा सकाळी लागायचा आणि संध्याकाळी विझायचा, ते काम टायमरचं. पण टायमरचं घड्याळही विजेवर चालणारं. वीज गेली तेव्हा भर दुपार होती, म्हणजे त्याच्या लेखी अजून दुपारच. फ्रिजची वायर तिनं उपसली होती. दिव्याची राहिली होती. आत्ता या क्षणी तो दिवा पोरींच्या डोळ्यांवर भक्कन पेटला असणार. आणि कंपनीच्या त्या पिसाळलेल्या विजेनं खोलीच पेटली तर?

देलिया हातातला चमचा टाकून धावली. दाराशी खुर्ची होती, पण खुर्चीत निल्दा नव्हती.

“निल्दा?” ती आत शिरली. बोळातलं छोटं टेबल आडवं झालेलं, आईचा फोटो जमिनीवर. भिंतीवर हाताचे ठसे होते, लाल, सॉसचे, कमरेच्या उंचीवर एकापुढं एक, थेट मागच्या खोलीपर्यंत. देलियानं दार ढकललं.

“दार लाव,” काळोखातून आवाज आला. “उजेड येतोय. झोपल्यात त्या.”

निल्दा कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. तिच्या मुठीत वायर होती, टायमरसकट उपसलेली. कपाटाच्या फटीतून उजेडाचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता.

“दाराशी बसून तुमच्या पातेल्यांचा तमाशा बघत होते,” ती धापा टाकत म्हणाली. “म्हटलं, फ्रिजचं आठवलं हिला, दिव्याचं आठवलं असेल का? नसणार. खुर्ची उंबरा चढेना, म्हणून भिंत धरून इथं पोचले, वायर ओढली, आणि मग आला तुमचा उजेड.”

“पडली असतीस म्हणजे?”

“पडलेच. दोनदा. मग उठले.”

देलिया तिच्याशेजारी जमिनीवर बसली. तिला हसू येत होतं आणि नाकही वाहत होतं. तिनं निल्दाचा सॉसनं माखलेला हात धरला. तेवढ्यात बोळातून हेनारो ताट घेऊन आला, बॅटरी लावून. दोघी बहिणी एकाच वेळी त्याच्यावर खेकसल्या. त्यानं घाईघाईनं बॅटरी विझवली आणि ताट चाचपडत आत सरकवलं.

“वीज आली, आणि तुम्ही अंधारात काय बसलाय?” तो कुजबुजला. “बाहेर सगळी आळी नाचतेय.”

“नाचू दे,” निल्दा म्हणाली. “वीज काय, दर उन्हाळ्यात जाते आणि येते. मी आज माझ्या पायांनी चालले.”