खुळखुळा गप्प झाला तेव्हा

"गाडीला हात लावलास तर हात मोडून गळ्यात बांधीन!" बाबा ओरडले.

"लावणारच!" मी पण ओरडलो. "काम गेल्यावर काय गाडीला हार घालून बसणार आहात?"

"कोण म्हणतं काम जाणार?"

"मॅडम म्हणतात! तुमच्यासमोर म्हणाल्या!"

"बघू."

हे त्यांचं 'बघू' ऐकलं की माझं डोकंच फिरतं. घराला आग लागली तरी हा माणूस म्हणेल, बघू.

आई दारात आली. "अहो, हळू बोला. सगळी गल्ली ऐकतेय."

"हळूच बोलतोय!" बाबा इतक्या जोरात म्हणाले की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई चिमटे टाकून आत गेली.

बाबांचं हळू बोलणं हे असं. सगळे म्हणायचे, गाडीमुळे झालंय. आमची गाडी छोटी आहे, पण तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, त्यामुळे ओढ्यातून, दगडातून, कुठूनही वर चढते. तक्रार एकच, आवाज. चालू केली की बोनट टरटरतं, दारं खडखडतात, आणि वेग धरला की पायाखालचा पत्रा असा घुमतो की आपले दात आपल्याला ऐकू येतात. गल्लीतली पोरं तिला खुळखुळा म्हणतात. मला त्याचा राग यायचा, कारण नाव बरोबर होतं.

बाबा या खुळखुळ्यातून गुरांच्या डॉक्टर मॅडमना डोंगरावरच्या गोठ्यांवर नेतात. मॅडम चांगल्या आहेत, पण त्या तरी किती सहन करणार? औषधाच्या बाटल्या एकमेकींवर आपटून फुटतात. वाटेत कोणाचा फोन आला, गाय आडवी पडलीय म्हणून, तर गाडी थांबवून खाली उतरून बोलावं लागतं. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, सोमवारपर्यंत बघा काही जमतं का. नाहीतर मला त्या गॉगलवाल्याची गाडी घ्यावी लागेल." गॉगलवाल्याची गाडी नवीन. आत बसलं की झोपच येते म्हणे.

यावर बाबा काय म्हणाले? "हं."

मला शाळेत बसवत नव्हतं, पण गाडीखाली मी दिवसभर झोपू शकतो. आवाज कुठून येतो, तो कसा मारायचा, सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. आणि हा माणूस मला हातच लावू देत नव्हता.

मग आत्याच्या घराचं छप्पर गळायला लागलं आणि शनिवारी सकाळी बाबा तिकडे गेले. किल्ली खिळ्यालाच होती. आई कणीक मळत होती. मी किल्ली काढली. तिने बघितलं आणि पाठ फिरवली. म्हणजे परवानगी.

आधी सगळी गाडी बोटांनी वाजवली. पत्रा टण्ण वाजला की समजायचं, हा बोंबलणारा. तिथे छपराची गळती थांबवायला लावतात ती डांबराची शीट कापून चिकटवायची आणि वरून चोळायची. मग तोच पत्रा थप्प वाजतो, तोंडात कापूस कोंबल्यासारखा. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं पार चिरली होती. ती बदलली. धुराड्याचा पाइप खालच्या पट्टीला घासत होता, तो नवीन रबरात टांगला. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्याला वायरींसाठी पाडलेली भोकं होती, त्यातून सगळा गोंगाट आत यायचा. ती बुजवली. दारांना रबरी पट्टी लावली. खाली दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा अंथरला आणि सीटखालचा जॅक पट्ट्याने आवळून बांधला.

तरी कुठेतरी काहीतरी भुणभुणत होतं. चालत्या गाडीत तळहात लावून शोधल्याशिवाय ते सापडत नाही. म्हणजे चालवायला दुसरं कोणीतरी पाहिजे. मी आईकडे बघितलं.

"वेडा झालास का?"

"फक्त स्टिअरिंग धरायचं. सगळ्यात जड गिअरमध्ये टाकून देतो, ती आपणहून म्हशीसारखी चालते."

मागच्या मैदानात आई स्टिअरिंगला अशी चिकटून बसली, जणू तेच पडेल.

"ब्रेक कुठला?"

"मधला."

"मग डावीकडचा कशाला आहे?"

"त्याला पाय लावू नकोस."

"लावायचा नाही तर ठेवलाय कशाला?"

आई मैदानाला गोल गोल फिरत होती आणि मी मागे पालथा पडून पत्रा न् पत्रा दाबत होतो. मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवला आणि भुणभुण थांबली. हात काढला, सुरू. "सापडली!" मी ओरडलो. आईला वाटलं कोणीतरी चाकाखाली सापडलं. तिने तिन्ही पेडल एकदम दाबली. माझं नाक सीटवर आपटलं. मग दोघं इतके हसलो की तिला खाली उतरता येईना.

कडीला रबर लावून आणखी एक चक्कर मारली. आता आईच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मला वाटलं ती खूश होईल. पण तिचं तोंड उतरलं.

"एवढी गप्प करायला नको होती रे," ती म्हणाली. "थोडा आवाज ठेव."

"का? एवढं मर मर मरून केलं ते कशासाठी?"

"असू दे जरा. यांना सवय आहे."

माझी सटकली. म्हटलं, या घरात कोणाला काही चांगलं बघवतच नाही. थोडासुद्धा आवाज ठेवला नाही.

सोमवारी सकाळी बाबांनी किल्ली फिरवली आणि तसेच बसून राहिले. बोनटकडे बघितलं, पायाखाली बघितलं. मी मागच्या सीटवर आधीच जाऊन बसलो होतो, कारण शिव्या खायच्याच तर तिथे हात पोचत नाही. पण शिव्या आल्या नाहीत. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हताच. परीक्षेचा पेपर हातात पडल्यावर माझा व्हायचा तसा होता.

मॅडम पुढे, बाबांच्या डावीकडे बसल्या. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "काका, ही तीच गाडी? अहो, कमाल केलीत!"

बाबा समोर बघत होते.

मॅडमना फोन आला. त्या आरामात बोलल्या, एकदाही कानात बोट न घालता. "पाणी पितेय ना? मग घाबरू नका." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "काका, पुढच्या फाट्याला डावीकडे घ्या. आधी मेंढ्यांकडे जाऊ."

फाटा आला. बाबा सरळ गेले.

"काका, डावीकडे म्हटलं मी."

बाबा सरळच.

मॅडमनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, काय झालं असं. त्यांना वाटलं बाबा रुसले. मलाही तेच वाटलं. म्हटलं, घ्या, गाडीला हात लावला म्हणून हा माणूस आता मॅडमवर राग काढतोय, हातातलं काम घालवतोय! मी पुढे वाकून बाबांच्या खांद्यामागून ओरडलो, "बाबा! डावीकडे म्हणाल्या ना त्या!"

बाबा दचकले. ब्रेक दाबला. आणि नेहमीच्या आवाजात गरजले, "मग जोरात सांगायचं की! एवढ्या आवाजात ऐकू कसं येणार?"

आवाज नव्हताच.

इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. मॅडमच्या बॅगेतली एक बाटली हलकेच किणकिणली, ती आम्हा दोघांना ऐकू आली. बाबांनी आरशात बघितलं. आमची नजर भिडली आणि मग त्यांनी ती पटकन काढून घेतली.

मला शाळेत गणित कधी सुटलं नाही. पण हे एका झटक्यात सुटलं. फोन कायम उजव्या कानाला. जेवायला बसतात ते डावीकडे भिंत घेऊन. आई चालते ती कायम त्यांच्या उजव्या हाताला. रस्त्यावरचा हॉर्न त्यांना बरोबर ऐकू येतो, कारण खिडकी उजवीकडे. आणि डावीकडे बसून कोणी काही बोललं की 'हं' नाहीतर 'बघू'. मी त्या डाव्या सीटवर बसूनच मोठा झालो.

आता मॅडमना कळलं तर? ज्याला शेजारच्याचं ऐकू येत नाही असा ड्रायव्हर कोण ठेवेल? काम आवाजामुळे जायचं होतं, ते मी वाचवलं, आणि आता आवाज नाही म्हणून मीच घालवत होतो.

मी पायाने सीटखाली चाचपडलो आणि जॅकचा पट्टा सोडला. गाडी वळली, खड्ड्यात गेली आणि जॅक जो नाचायला लागला! खड खड खड.

"हे बघा मॅडम," मी म्हटलं, "हे एक राहिलंय. इथे मागे काही वाटत नाही, पण पुढे ड्रायव्हरच्या कानाशी नेमकं हेच घुमतं. वाट लागते ऐकण्याची."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पायाकडे. दिवसभर मुक्या जनावरांचं दुखणं ओळखणारी बाई ती, तिला काय मी गुंडाळणार? पण त्या एवढंच म्हणाल्या, "हो का? बरं."

मेंढ्या झाल्या, गोठे झाले. निघताना मॅडम बॅग घेऊन आल्या आणि सरळ मागचं दार उघडून बाबांच्या बरोबर पाठीमागे बसल्या. उजवीकडे.

"तू पुढे जा रे," मला म्हणाल्या. "मला पुढे ऊन लागतं."

आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. मी गुपचूप पुढे गेलो. मॅडम बाबांच्या उजव्या खांद्याशी वाकून, साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, उद्या जरा लवकर निघू. पलीकडच्या खोऱ्यात जायचंय. जमेल ना?"

"जमेल की!" बाबा म्हणाले. आणि पहिल्यांदाच हळू म्हणाले.

घरी आलो आणि आईला स्वयंपाकघरात गाठलं. "कधीपासून?"

तिने विचारलंसुद्धा नाही, काय कधीपासून. "तू पाळण्यात होतास. हे तेव्हा खडी फोडायच्या मशीनवर होते. तो कान तिथेच राहिला. तू सगळी गल्ली जागवायचास, आणि हे चांगला कान उशीत घालून घोरायचे. मला एवढा हेवा वाटायचा!"

"मला का नाही सांगितलं?"

"कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय. ऐकू येत नाही म्हटलं की लोक गाडीत बसत नाहीत."

मला हसू आलं नाही. मी शाळा सोडतोय हे मी बाबांना कुठे सांगितलं होतं माहितीये? गाडीत. डाव्या सीटवर. चांगला घसा खाकरून, सगळं धैर्य गोळा करून सांगितलं. बाबा म्हणाले, "हं. बघू." मला वाटलं, याला काही पडलेलीच नाही. चार शिव्या दिल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तरी चाललं असतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी धड बोललोच नाही. भांडलो फक्त.

हे मी आईला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली.

"तू सांगितलं होतंस त्यांना?"

"मग? पहिलं त्यांनाच सांगितलं."

"अरे, त्यांना तुझ्या मास्तरांकडून कळलं, भर बाजारात. त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, पोराने मला विचारलं नाही ते राहू दे, सांगितलंसुद्धा नाही." आईने पोळी तव्यावर टाकली. "मला सांगू नकोस आता. मी काय पोस्टमन आहे? ज्याला सांगायचं त्याला सांग. आणि नीट बाजूने सांग."

जॅक मी पुन्हा बांधला नाही. म्हटलं, असू दे, बाबांना बहाणा लागेल. आज सकाळी गाडी पुसताना सीटखाली हात घातला, तर जॅक हलेना. त्याच्याभोवती बाबांचा जुना निळा शर्ट गुंडाळलेला, चारी बाजूंनी नीट कोंबून, बाह्यांची गाठ मारून. मी ती गाठ सोडली नाही.

हा हॉर्न ऐकलात? तेच आहेत. इथून 'आलो' म्हणून ओरडून काही उपयोग नाही, गाडी अशी लावलीय की घर त्यांच्या डाव्या हाताला येतं. गाडीला वळसा घालून त्यांच्या खिडकीपाशी जायला हवं. मॅडमना घ्यायच्या आधी सांगायचंय.

परत हॉर्न. निघतो मी.