विलंबाबद्दल दिलगीर

"आलं का?" काकांच्या मोबाइलने विचारलं. सकाळपासूनची ही चौदावी वेळ.

मोबाइलने, कारण घशाच्या ऑपरेशनमध्ये काकांचा आवाज गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. ते टाइप करायचे आणि मोबाइल बोलायचा, अगदी बिनमिठाच्या आवाजात. तीस वर्षं बसस्टँडवर घोषणा देणाऱ्या माणसाची ही गत! सगळं गाव ज्यांना भोंगाकाका म्हणायचं, त्यांची! जुन्या टेपवरून त्यांचाच आवाज तयार करून देणारं अपडेट 'लवकरच' येणार होतं. चार महिने हे 'लवकरच' चाललं होतं. मध्ये दोन अपडेट आली. एकात बटणांचा रंग बदलला, दुसऱ्यात तो पुन्हा होता तसा केला.

आणि आज पाच वाजता नव्या स्टँडवरून पहिली गाडी सुटणार होती. घोषणेचा मान काकांना होता.

"मला काय विचारता? मी काय खिशात घालून बसलेय?" काकू करवादल्या. पण घोर त्यांनाही होता. या उसन्या आवाजात काका माइकसमोर उभे राहायचे नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुपारी काकांच्या तक्रारीला ॲपवाल्या कंपनीचं उत्तर आलं, 'विलंबाबद्दल दिलगीर आहोत.' काकांनी मोबाइल गादीवर आपटला.

काकूंना हसू आवरेना. "अहो, जन्मभर हेच तर ऐकवलंत लोकांना! आता कळलं ना, बाकावर बसून कसं वाटतं?"

चार वाजता मोबाइल थरथरला. अपडेट! निम्म्यावर जाऊन अडलं मेलं. "गच्चीवर रेंज असते, चला!" म्हणत काकू पुढे, धापा टाकत काका मागे. पाचला दहा कमी असताना काम झालं. ऐकून बघायला वेळ कुठला? दोघं तसेच समोरच्या स्टँडवर धावले.

गाडीचा पत्ताच नव्हता. काकांनी टाइप केलं आणि मोबाइल माइकला लावला. काकूंनी पहिल्या बाकावर डोळे गच्च मिटले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं!" तोच! तोच भरदार आवाज, शेवटचा शब्द किंचित ताणणारा. काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला. "पाचची गाडी वीस मिनिटं उशिरा सुटेल. विलंबाबद्दल दिलगीर आहोत."

एरवी यावर शिव्या पडायच्या. आज टाळ्यांनी स्टँड दणाणला.

"परत सांगा!" काकू ओरडल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

वीस मिनिटांनी गाडी आली. तोवर काकांनी तीच घोषणा आणखी सहा वेळा केली होती, सहाही वेळा काकूंच्याच सांगण्यावरून.